पाहुणीच्या ताटातलं अंडं

नेपाळमधल्या एका डोंगरी गावात मुलांना शिकवायला मी महिनाभर गेले होते. ज्या घरी राहिले, तिथे पाहुण्याचं जेवण झाल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नसे. रोज माझ्या ताटात एक उकडलेलं अंडं असायचं आणि समोर घरातली चार वर्षांची सानू त्याच्याकडे बघत बसलेली. तिच्या वाट्याला भात आणि पालेभाजी.

ती नजर माझ्या ओळखीची होती. लहानपणी आमच्या वस्तीवरही मदत करणारी माणसं यायची. आई त्यांना दुधाचा चहा करायची आणि आम्ही भावंडं दारातून त्यांचे कप बघायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण मनाने बहुधा मी अजून त्या दारातच उभी आहे.

एकदा पोट भरलं म्हणून मी अंडं तसंच ठेवलं. सानूला मिळेल असं वाटलं होतं. पण पाहुणीचं उष्टं म्हणून ते कुत्र्याला गेलं.

“आवडलं नाही ना? शहरातल्या पोरी तुम्ही!” सानूची आई मोडक्या हिंदीत म्हणाली.

“नाही दीदी, मीपण खेड्यातलीच.”

“विमानाने आलीस आणि म्हणे खेड्यातली!” ती खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी ताटात दोन अंडी होती, तेलात परतलेली. एक शेजारून मागून आणलेलं. दीदी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान खाली घालून भराभर खात राहिले, कारण माझं ताट रिकामं होईपर्यंत सानूला भातही मिळणार नव्हता.