मनोऱ्यावरून दिसलेलं हिरवं

गावामागच्या टेकडीवर वनखात्याचा मनोरा आहे, वणवा बघायला बांधलेला. सरपणासाठी टेकडीवर माझा जन्म गेला, पण मनोरा चढायची गरज पडली नव्हती. मुलीने नदीकाठच्या वावरात द्राक्षाच्या काड्या लावल्या आणि ती गरज पडली.

या खोऱ्यात धान होतो. तिला मी बजावलं होतं, "पावसापर्यंत जगलं तं वावर तुह्यं. नाही तं नांगर घालून धान पेरीन. आन् हिरवं दिसल्याबिगर मी तिथं पाय ठेवत नाही." बोलून बसले, मग घरात बसवेना. म्हणून मनोऱ्यावर चढू लागले. वरून नदी दिसायची, धानाची कापणी झालेल्या भुरक्या बांध्या, बांध घातलेले तुकडे, दिसायच्या आणि मुलीचं वावरही तसंच भुरकं.

वेल चढवायला तिने खांब रोवून तारा ताणल्या. द्राक्षवाले त्याला मांडव म्हणतात. आमच्याकडे मांडव लग्नाचा, आणि मुलगी तिशीची, बिनलग्नाची. धाकट्या दिराला विषय मिळाला.

"वैनी, मांडव तं टाकला, नवरदेव कुठी हाय?"

"तुमच्याच घरी लपला असन, भाऊजी. पाठवून द्या."

ऐन उन्हाळ्यात आठवडाभर चढणं जमलं नाही. मग एका सकाळी वरून पाहिलं, तर मांडवाचा एक कोपरा हिरवागार. दुखरे गुडघे विसरून खाली उतरले ते थेट वावरात. पाहते तर जांभळीचे डहाळे! लग्नाच्या मांडवावर टाकतात तसे दिराने थट्टेने टाकलेले. मुलगी हसत होती.

"माय, पाय ठेवला ना वावरात?"

"हिरवं कुठी हाय? फसवलं मले."

तिने माझी मान धरून खाली वाकवली. बाकीच्या ओळी करपल्या होत्या. पण डहाळ्यांच्या सावलीत आलेल्या काड्यांना कोंब फुटले होते.

मी तशीच दिराच्या दारात गेले. "भाऊजी, अर्धाच मांडव सजवला. बाकीचा कोण करन?" सगळ्यांसमोर विचारलं, त्याला यावंच लागलं. तिघांनी मिळून जांभळीच्या फांद्या तोडल्या आणि सगळा मांडव झाकला. तरी बरेच वेल मेले. उरले ते पावसापर्यंत टिकले. मी नांगर घातला नाही.

पुढे दिरानेच आपल्या वावरात लावायला तिच्याकडे काड्या मागितल्या. आता नदीकाठी धानाच्या मधे मधे मांडव दिसतात म्हणे. माझे गुडघे चढू देत नाहीत. दीर मनोऱ्यावर जाऊन येतो. त्याचा की माझ्या मुलीचा, कोणाचा मांडव जास्त हिरवा, ते सांगत नाही. त्याच्या तोंडावरून मला कळतं.