तेरका नेनी दारात उभी राहिली

बुडापेस्टमधल्या कोबान्याच्या वीटभट्ट्यांमागे आमच्या फुटबॉल क्लबचं मैदान होतं आणि मैदानाच्या एका अंगाला लाकडी खोल्यांची रांग. दोन खोल्या खेळाडूंना कपडे बदलायला, तिसरी तेरका नेनीची. थोरल्या बाईला आमच्याकडे नेनी म्हणतात, पण तेरकाला तिच्याहून मोठी माणसंही नेनीच म्हणायची. त्या खोलीत चुलीवर तांब्याचा हंडा कायम चढलेला. त्यात आमच्या पांढऱ्या चड्ड्या उकळायच्या. तांबड्या जर्सी ती वेगळ्या टबात, गार पाण्यात शिरका घालून भिजवायची, म्हणजे रंग जात नसे.

मी उजवा हाफबॅक. घसरत जाऊन चेंडू काढायची मला खोड होती.

"रेझो, तू खेळतोस की मैदान पुसतोस?" ती माझी जर्सी दोन बोटांत धरून विचारायची. "पुसायचंच असेल तर इथे ये, फरशी पुसायची पडलीय."

तिचं माहेर उत्तरेच्या डोंगरात. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा ते गाव आपल्याच देशात, हंगेरीत होतं. मोठ्या युद्धानंतर मधे सरहद्द आली आणि गाव चेकोस्लोव्हाकियात गेलं. नवरा भट्टीची भिंत अंगावर पडून गेला. मूलबाळ नव्हतं. तिची भाषा स्लोव्हाक, पण नेनी ती बोलत नसे. त्या काळात बुडापेस्टमध्ये ती भाषा तोंडातून निघाली की कुणीतरी "तोत" म्हणून हाक मारायचं. शब्दाचा अर्थ स्लोव्हाक एवढाच, पण म्हणणाऱ्याच्या तोंडी ती शिवी असायची. फक्त एखादा डाग निघेना झाला की नेनी त्याच्याशी स्वतःच्या भाषेत भांडायची.

त्या उन्हाळ्यात आम्हाला पहिल्यांदा मध्य युरोप चषकात जागा मिळाली. व्हिएन्ना, प्राग, मिलान इथले क्लब ज्या स्पर्धेत खेळायचे त्यात आम्ही, विटा भाजणाऱ्यांचा क्लब. पहिलाच सामना प्रागच्या संघाशी पडला. एक खेळ त्यांच्या गावी, एक आमच्या. दोन्हींचे गोल एकत्र धरायचे.

क्लबचे चिटणीस आर्नोल्दसाहेब नेनीच्या खोलीत आले आणि टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"तेरका, आमच्यात कुणाला तिकडची भाषा येत नाही. तू येशील का आमच्याबरोबर?"

"मी? आणि तिथे काय करू? सेंटर फॉरवर्ड खेळू?"

"बोल फक्त. आमच्यासाठी."

तिने कमरेच्या फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसत राहिली. "इतकी वर्षं मला गप्प बसवलंत," ती म्हणाली, "आणि आता बोल म्हणता. बरं. येते."

प्रागमध्ये ती बोलू लागली आणि आम्ही बघत राहिलो. चेक आणि स्लोव्हाक वेगळ्या, पण एकमेकांना कळणाऱ्या. खानावळवाली तिच्या बोलण्याला आधी हसली, मग तिला घट्ट मिठी मारून आत घेऊन गेली. बाहेर आली ती आलुबुखार भरून उकडलेल्या कणकेच्या गोळ्यांचं पातेलं घेऊन. आमचा आघाडीवीर ओदोन, जो रोज तिच्या उच्चारांची नक्कल करायचा, तो दोन दिवस कोंबडीमागच्या पिलासारखा तिच्यामागे फिरत होता. "नेनी, मीठ कसं मागायचं? नेनी, ही मुलगी काय म्हणाली?"

"ती म्हणाली, तोंड बंद करून खा."

सामना आम्ही तीन-एकने हरलो. रात्रीच्या जेवणाला दोन्ही संघ एकत्र बसले. त्यांचा गोलकीपर कुद्रना म्हणून होता, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा आणि स्वभावाने लाजाळू. तो नेनीचा आवाज ऐकून आपली खुर्ची उचलून तिच्याशेजारी येऊन बसला. त्याची आई नेनीच्याच डोंगरातली. आई जाऊन वर्ष झालं होतं. ते दोघं काय बोलले आम्हाला कळलं नाही. पण नेनी हसताना तिचे दात दिसतात हे मला त्या दिवशी कळलं.

आठवड्याने ते आमच्याकडे आले. मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. पूर्वार्धात ओदोनने गोल केला. आणखी एक झाला असता तर बरोबरी झाली असती. आम्ही शेवटपर्यंत त्यांच्या गोलपाशी ठाण मांडून होतो, आणि अगदी शेवटी ओदोन एकटा सुटला. कुद्रना पुढे झेपावला. दोघं एकदमच चेंडूपाशी पोचले. मी जवळ होतो, मला हाड मोडल्याचा आवाज आला.

पंचाने खेळ संपवला तेव्हा ओदोन तसाच पडलेला होता. कुद्रना त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला, तर त्याच्याच माणसांनी त्याला ओढत आत नेलं, कारण बाटल्या यायला लागल्या होत्या. मग कुंपण मोडलं.

भट्टीवरचा मुकादम बार्नाबाश पुढे होता, मागे दीड-दोनशे माणसं. आम्ही खेळाडू ओदोनभोवती कडं करून उभे होतो. जागचं हलता येत नव्हतं. प्रागवाले ज्या खोलीत शिरले होते तिचं दार म्हणजे पातळ फळ्या.

त्या दारासमोर तेरका नेनीने आपला धुण्याचा टब ओढत आणला, आडवा लावला आणि स्वतः त्याच्यामागे उभी राहिली.

"बाजूला हो, नेनी," बार्नाबाश म्हणाला. "आमचं काम तुझ्याशी नाही."

"दार माझ्यामागे आहे. म्हणजे माझ्याशीच आहे."

"त्याने ओदोनचा पाय मोडलाय."

"मोडलाय. बघितलं मी."

मागून कुणीतरी ओरडलं, "तोत आहे ती! आपल्या माणसाला लपवतेय!"

"हो, माझा माणूस आहे तो," नेनी म्हणाली. "तूही माझाच आहेस, फेरेंक, आवाजावरून ओळखलं. तुझी बायको बाळंतपणात पडून होती तेव्हा तुझ्या घरची धुणी कुणी धुतली? तोतानेच ना?"

कुणी हसलं नाही. एक दगड आला आणि तिच्या भुवईवर बसला. ती मागे दारावर आदळली, सावरली. रक्त डोळ्यात उतरत होतं, ते तिने मनगटाने पुसलं. आणि मग ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलली.

"मागे वळून बघा. फाटकाशी दवाखान्याची गाडी उभी आहे. तुमच्या गर्दीमुळे तिला आत येता येत नाहीये. तुमचा ओदोन तिकडे कण्हतोय, आणि तुम्ही इथे एका धोबिणीपुढे मर्दुमकी दाखवताय."

माणसांनी खरंच मागे वळून पाहिलं. गाडी होती. चालक वर उभा राहून हात हलवत होता.

तेवढ्यात नेनीमागचं दार उघडलं. कुद्रना बाहेर आला.

"आत जा," ती त्याला म्हणाली असावी, कारण त्याने नकाराची मान हलवली. तिने आणखी काही सांगितलं. त्याने पुन्हा मान हलवली आणि टब ओलांडला. तो सरळ गर्दीत चालत गेला. कुणी हात उगारला नाही, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आम्ही ओदोनला एका फळीवर घेतलं होतं. कुद्रनाने डोक्याकडची बाजू धरली, पायाकडची मी. बार्नाबाशच पुढे होऊन ओरडू लागला, "वाट द्या, वाट सोडा!"

नेनीच्या भुवईला टाके पडले. नंतरचे दिवस तिला सोपे गेले नाहीत. काही घरांनी तिला धुणं देणं बंद केलं. तिच्या खिडकीवर चिखल फेकला गेला. क्लबच्या मंडळातला एकजण म्हणाला की या बाईला काढा. आम्ही सगळे आर्नोल्दसाहेबांकडे गेलो आणि सांगितलं, तिला काढलंत तर आम्ही न धुतलेल्या जर्सीत खेळू, प्रेक्षकांना वासच येऊ दे. ओदोन कुबड्यांवर मंडळापुढे आला. "चेंडू त्याने आधी धरला होता," तो म्हणाला. "पाय मी घातला. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही." तो पुन्हा पहिल्यासारखा पळू शकला नाही, पण कुद्रनाविषयी त्याने कधी वाईट शब्द काढला नाही.

चषक त्या वर्षी कुणी जिंकला ते कोबान्यात फार थोड्यांना आठवतं. नेनीने नंतर एक मात्र केलं. ती हंड्यावर वाकून काम करताना आपल्या भाषेतली गाणी मोठ्याने म्हणायला लागली, दार उघडं ठेवून. सरावाला आलेली पोरं त्या सुरात शिट्ट्या वाजवायची.

थंडी सुरू झाली तेव्हा बार्नाबाश एक कापलेला पाळीव हंस बगलेत घेऊन तिच्या दारात आला. मी तिथेच होतो. त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, "पिसं काढायला बस. गरम पाणी आहे." तो बसला. संध्याकाळपर्यंत तो हंस शिजला, आम्ही तिघांनी खाल्ला, आणि दगडाचा विषय कुणी काढला नाही. निघताना त्याने आपल्या घरच्या चादरींचं गाठोडं धुवायला तिच्या खोलीत ठेवलं. नेनीने ते उघडून बघितलं आणि त्याला मागे बोलावलं.

"बार्नाबाश, हा वाइनचा डाग किती दिवसांचा आहे? सांडल्या सांडल्या वर टाकायला तुमच्या घरी मीठ नाही का?"