वहिनीच्या काकांचं इंजिन

त्या काळी अख्ख्या रत्नागिरीत आगगाडीला भिणारा एकच माणूस होता आणि आगगाडीवर जीव टाकणाराही एकच. ही दोन्ही माणसं म्हणजे माझ्या थोरल्या वहिनीचे काका. आता भ्यायला काय किंवा जीव टाकायला काय, गावात आगगाडी होतीच कुठे? मुंबईला जायचं तर आगबोट आणि कोल्हापूरला जायचं तर आंबा घाटातून मोटार. बोट लागते म्हणून मुंबई नको आणि घाटात मोटार मागे घसरेल म्हणून कोल्हापूर नको, असं करत कचेरीत नकला उतरवून काढणाऱ्या काकांनी पन्नाशी उलटली तरी साधा रूळसुद्धा पाहिला नव्हता. पण जुन्यातल्या जुन्या इंजिनाला चाकं किती, धुराडं उंच की ठेंगणं, हे त्यांना पुस्तकं आणि चित्रं जमवून जमवून तोंडपाठ झालं होतं. मुंबईला नोकरीला असलेली आळीतली माणसं शिमग्या-गणपतीला घरी येताना त्यांच्यासाठी कुणी सिग्नलची फुटकी काच आणी, कुणी वाफेचा दाब दाखवणारा मोडका काटा, कुणी नुसता दगडी कोळशाचा तुकडा. पडवीत फळ्या ठोकून काकांनी त्याचं संग्रहालय मांडलं होतं. प्रत्येक वस्तूखाली कचेरीतल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजेल या धास्तीने ते रोज सकाळी एकेका तुकड्याला खोबरेल चोळत. घरात केसांना तेल उरत नाही, अशी काकूंची तक्रार असे.

वाफेवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "वाफ दिसते गरीब, पण तिच्या मनातलं कळत नाही," असं ते म्हणत. न्हाणीघरातल्या बंबाजवळ ते कधी समोरून जात नसत. चतुर्थीला मोदकपात्रावर झाकण पडलं की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि दर दोन मिनिटांनी आत जाऊन झाकण उचलायचे. एका वर्षी एकवीसच्या एकवीस मोदक कच्चे राहिले. काकूंनी ते तसेच त्यांच्या पानात वाढले आणि "दाब कमी पडला," एवढंच म्हणाल्या. काकांनी मुकाट्याने ते खाल्ले.

कोल्हापूरला मालधक्क्यावर माझा एक मित्र कारकून होता. त्याने एकदा पत्रात सहज लिहिलं की स्टेशनामागे वर्षानुवर्षं पडून असलेलं एक जुनाट इंजिन आता दिवाळीनंतर मोडीत काढणार आहेत. ते पत्र काकांना वाचून दाखवण्याची चूक मी केली. काकांनी मला आणखी माहिती विचारून घ्यायला लावली, चित्रं पडताळली, आणि ते कोणत्या घडणीचं इंजिन हे नक्की केलं. तशी फार उरली नव्हती म्हणे. मग त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि खाली बघत म्हणाले, "तू येशील का रे बरोबर?"

मी हो म्हटलं आणि त्यांची काळजी मला लागली. घाटाची नव्हे. ज्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं एखादी गोष्ट मनात एवढी मोठी करून ठेवली, त्याला ती गवतात गंजत पडलेली दिसली तर? इतक्या प्रेमाने जपलेलं सगळं एका दुपारी संपलं, तर हा माणूस उरल्या दिवसांत करणार काय?

मोटारीत ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्याला हळू चालवायला सांगत राहिले. घाटात मोटारीचं पाणी उकळून वाफ येऊ लागली तेव्हा काकांनी सगळ्या उतारूंना खाली उतरवून वीस पावलं लांब उभं केलं. ड्रायव्हरने रोजच्यासारखं पाणी ओतलं, विडी ओढली आणि सगळ्यांना परत बोलावलं. काका शेवटी चढले.

इंजिन माझ्या भीतीपेक्षाही वाईट निघालं. ठेंगणं, तांबेरलेलं, चाकांपर्यंत घाणेरीच्या झुडपांत बुडालेलं. मी काकांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. मग झुडपं बाजूला सारून त्यांनी खिशातून सुतळी काढली, चाक मोजलं, वहीत पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले, "बरोबर आहे."

तिथला एक म्हातारा फिटर हे बघत उभा होता. काकांनी त्याला दोन-चार प्रश्न विचारले तसा तो जवळ आला. "किती वर्सं काढलीसा इंजनावर?" त्याने विचारलं.

"एक दिवससुद्धा नाही. आज पहिल्यांदा बघतोय," काका म्हणाले.

म्हाताऱ्याला ती थट्टा वाटली. पण त्याने मनापासून सगळं दाखवलं. हे इंजिन त्याने तरुणपणी बरीच वर्षं सांभाळलेलं होतं. काकांनी विचारलं, हिने कधी कुणाला इजा केली का? तो म्हणाला, कधीच नाही, गाईसारखी होती. मग काकांनी वर बसलेल्या गंजक्या भोंग्याकडे बोट करून त्याचा आवाज कसा होता ते विचारलं. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आवाज काढला. आधी घोगरा, मग लांब आणि शेवटी खाली उतरणारा. काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी तो तीनदा काढायला लावला. हवा असेल तर एखादा तुकडा घेऊन जा, असं म्हातारा म्हणाला, पण काकांनी नको म्हटलं. "अजून ती सगळी एके ठिकाणी आहे. मी कशाला सुरुवात करू?"

परतीच्या वाटेवर पूर्ण घाटात ते तोंडाशी हात धरून तो आवाज बसवत होते. घसरण्याची आठवणही त्यांना झाली नाही.

दिवाळीनंतर मित्राचं पत्र आलं की इंजिन मोडलं. मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भोंगा आधी काढला की शेवटी?" ते पत्रात नव्हतं. त्यांनी मला विचारून घ्यायला सांगितलं. मी लिहिलं, पण मित्राची तोवर बदली झाली होती आणि म्हातारा फिटर आपल्या गावी निघून गेला होता. काका दर आठवड्याला येत, ओटीवर टेकत, इकडचं तिकडचं बोलत आणि उठताना विचारत, "काही कळलं का रे?" त्यांचं जेवणातलं लक्ष पुन्हा उडाल्याचं वहिनीकडून कळत होतं.

शेवटी एका दुपारी मी त्यांना सांगितलं की पत्र आलंय, भोंगा सगळ्यात शेवटी काढला.

काका उठता उठता परत खाली बसले. "शेवटी ना? मग ठीक आहे," ते म्हणाले. चाकाचं मापही सुतळीने मोजून खात्री करून घेणाऱ्या त्या माणसाने ते पत्र मात्र कधी बघायला मागितलं नाही.