डावखुऱ्यांचा देश

सडक अर्जुनीजवळ धान पिकवणाऱ्या सेवकराम पटल्यांनी आयुष्यात एकच इंग्रजी पिक्चर पाहिला होता, तोही लग्नाआधी, टुरिंग टॉकीजच्या तंबूत. घोडे, धूळ, पिस्तुलं. सेवकराम डावखुरे, डाव्या हाताने जेवतो म्हणून घरच्यांच्या चापट्या खात वाढलेले. पडद्यावर पाहतात तर नायक डाव्या हाताने पिस्तूल उपसतोय. शेरीफ डावखुरा, दरोडेखोर डावखुरे, दारू ओतणाराही डावखुरा. जगात असाही एक देश आहे हे कळल्यावर त्यांनी चापट्या मनावर घेणं सोडलं.

पुढे नात खुशी डाव्या हाताने जेवू लागली आणि सून रविताचा हात सुटू लागला.

"मामाजी, पोरीचा हात बिघडून राहिला."

"काऊन मारतं व तिले? अमेरिकेत सप्पा, एकूण एक मानूस, असेच आहेत."

"तुमीच पाहलं ते! खुशीनं पाहून सांगतलं तं मानीन. मंग नाही मारन."

२००९च्या दिवाळीनंतर गोंदियातल्या एका टॉकीजने दुपारच्या खेळाला नेमका तोच पिक्चर लावला. सेवकराम नातीला घेऊन बसने गेले.

नायकाने पिस्तूल उपसलं. खुशी म्हणाली, "आबाजी, हा तं उजवा आहे."

"थांब, शेरीफ येऊ दे."

शेरीफ उजवा निघाला. शेवटची आशा दारू ओतणाऱ्यावर होती. त्यानेही उजव्याच हाताने ओतली.

मध्यंतरात सेवकरामांना तो तंबू आठवला आणि उलगडा झाला. तंबूत पडदा मधोमध असे. पुढे पूर्ण तिकीट, मागे अर्धं. पातळ कापडातून चित्र मागेही दिसे, फक्त उलटं. पाट्यांवरची अक्षरंही उलटी असणार, पण सेवकरामांना इंग्रजी सरळही वाचता येत नव्हती.

"मी मांगून पाहलो होतो, बापा," ते म्हणाले आणि नातीला समोसा घेऊन दिला. तिने तो डाव्या हाताने खाल्ला. घरी खोटं सांग, असं काही ते म्हणाले नाहीत. परतीच्या बसमध्ये मात्र खिडकीबाहेरच पाहत बसले.

रविताने ताटं वाढली. खुशीचा डावा हात भातात गेला.

"काय पाहून आली व? खरं सांग."

सेवकरामांचा घास थांबला.

"सप्पा उजवे आहेत," खुशी म्हणाली. "पन जेवताना एक बी नाही दिसला. त्या हातानं नुसते मारूनच राहतेत."

रविताचा उजवा हात अर्धा वर गेलेला होता. तो तिथेच जरा थांबला. मग त्याने वरणाचा डाव उचलला आणि पोरीच्या भातावर वरण वाढलं.