सिस्टरांचा नाताळ

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी एका बाईंशी खोटं बोललो. गोव्याची बस आजचीच आहे, उद्या नाही, एवढंच ते खोटं. बोलायला क्षणही लागला नाही. ते कबूल करायला अकरा महिने लागले. त्या बाईंना आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो. आयुष्यभर त्यांनी कुणाच्या नुसत्या सांगण्यावर काही केलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्यांची माझी ओळख एका तुटलेल्या माळेवरून झाली. सांगलीतल्या एका प्रदर्शनात माझ्या टेबलावरून त्यांनी लाल मण्यांची माळ घेतली होती. तिसऱ्या दिवशी सगळे मणी रुमालात बांधून त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी घाईघाईनं दुसरी माळ काढून देऊ लागलो, तर त्यांनी हात आडवा केला. चष्मा कपाळावर चढवला आणि दोऱ्याचं टोक माझ्या नाकासमोर धरलं.

"ही गाठ कोणी मारली?"

"मीच."

"हिला गाठ म्हणत नाहीत. हिला नशीब म्हणतात. टिकली तर टिकली."

मग आत येऊन बसल्या, दोरा मागितला आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं. पहिल्यांदा दोन वेढे, मग उलट बाजूनं एक, मग पुन्हा सुलट एक. प्रत्येक वेढा सपाट बसवायचा, ओढून गळा आवळायचा नाही. मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. डॉक्टर नवशिका असला की त्याच्या गाठींवर सिस्टरांची नजर असायची. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. लग्न केलं नव्हतं, घरी एकट्याच. "हातांना पेन्शन कळत नाही हो," म्हणाल्या, आणि पुढच्या सोमवारपासून आमच्याकडे कामाला यायला लागल्या.

आमचं काम म्हणजे काय, तर दोन खोल्या. मी हळदीच्या एका पेढीवरची कारकुनी सोडली होती. बायको वैशाली मातीचे आणि लाकडाचे मणी रंगवायची, मी ओवायचो, खोके भरायचो, दुकानदारांचे फोन घ्यायचो. सांगलीत नाताळासाठी कुणी कानातलं घेत नाही. पण गोव्याची, पुण्याची, मुंबईची दुकानं दिवाळी संपायच्या आत विचारायला लागतात. लाल-हिरवे मणी, पितळी घुंगरू, इवल्या चांदण्या. लोकांच्या घरात दिवाळीचा फराळ संपत आलेला असतो तेव्हा आमची धावपळ सुरू होते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत बोटांच्या टोकांना चिरा पडतात, त्यात लाल रंग शिरतो आणि जेवताना तिखट झोंबतं. दर वर्षी मी म्हणतो, पुढच्या वर्षी एवढं काम घ्यायचं नाही. दर वर्षी घेतो.

सिस्टरांना मोजायची सवय होती. पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे मोजतात, तशा त्या खोका बंद करायच्या आधी नग मोजायच्या. मी म्हणायचो, साठ आहेत, मी आत्ताच मोजलेत. "तुमच्यावर विश्वास आहे, मालक. पण मोजते." मालक हा शब्द त्या थट्टेनंच वापरायच्या. चहा पाहिजे असला की, "मालक, उठा, आधण ठेवा."

त्यांची बोली दोन तऱ्हेची होती. एरवी दवाखान्यातली स्वच्छ, मोजून मापून बोललेली. पण थकल्या की त्यांच्या तोंडातून कोरेगाव बाहेर पडायचं. मग लय, न्हाई, कवा, तवा सुरू व्हायचं आणि आमच्या हौसाक्काला आनंद व्हायचा. हौसाक्का आटपाडीकडची. तिच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती. ती घुंगरू बसवायची. एकदा पाठीला हात लावून ती म्हणाली, "काय ओ सिस्टर, वाढदिस तुमच्या देवाचा आन् पाठ मोडतीया आमची."

"माझा देव तुझ्याच माणसांतला हाय, हौसा. गोठ्यात जन्मला. आणि देवदूतानं पयलं कुणाला सांगितलं, ठाव हाय का? राजाला न्हाई, पुजाऱ्याला न्हाई. रानात मेंढरं राखत बसलेल्यांना."

हौसाक्काचा हात थांबला. "खरं?"

"पुस्तकात लिवलंय."

"मग पावणंच की ओ आमचं ते! आन् हे मला आजवर कुणी सांगितलं न्हाई." त्या दिवसापासून ती चांदणीला 'पावण्याची चांदणी' म्हणायला लागली. एखादी वाकडी बसली की स्वतःच उसवायची.

सिस्टरांचा थोरला भाऊ कोरेगावला राहायचा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, तिथल्या लहानशा देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पेटी वाजवणारा. त्यांना त्या दादा म्हणायच्या, पण बारा वर्षं दोघं बोलत नव्हते. आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा दादानं दवाखान्यात फोन केला होता. सिस्टर थिएटरमध्ये होत्या. अडलेली बाळंतीण होती, दुसरी सिस्टर हजर नव्हती. बाई वाचली, बाळ वाचलं. सिस्टर कोरेगावला पोचल्या तेव्हा आईला माती देऊन लोक परत आले होते. दादा दारातच म्हणाला, "दुसऱ्याच्या आईजवळ थांबलीस, आपल्या आईजवळ न्हाई." सिस्टर त्याच पावली परत फिरल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, खाली बघत, हातातलं काम न थांबवता.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात भाचीचा, म्हणजे दादांच्या मुलीचा, फोन आला. दादांनी सांगितलंय, या नाताळाला आत्यानं यावं. बस एवढाच निरोप. सिस्टरांनी त्या दिवशी तीन माळा चुकवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या मुलीसारखी सुट्टी मागितली. "चोवीसला दुपारच्या गाडीनं जाते, मालक. दादा स्टेशनावर येणार हाय. चार वर्षांत मी काही मागितलं न्हाई."

मी म्हणालो, "जा की. विचारायचं काय त्यात?"

तेवीसच्या संध्याकाळी गोव्याच्या खोक्यातल्या चाळीस माळा सिस्टरांनी मोजता मोजता ओढून बघितल्या. सैल होत्या. त्या गाठी माझ्या होत्या. घाईत दोनाच्या जागी एकच वेढा घेतला होता. चोवीसला सकाळी सिस्टर पिशवी घेऊनच कामावर आल्या. पिशवीत करंज्यांचे दोन डबे. म्हणाल्या, गाडीपर्यंत जेवढं होईल तेवढं करते. अकरा वाजेपर्यंत पंधराच माळा झाल्या.

त्यांनी विचारलं, "बस आजच हाय का?"

गोव्याची ट्रॅव्हल्स रोज जाते. हा माल नव्या वर्षाच्या गर्दीसाठी होता, दुकानदारानं सत्तावीसपर्यंत चालेल म्हणून सांगितलं होतं. पण पंचवीसला मी मुलीला महाबळेश्वरला न्यायचं कबूल केलं होतं. तीन वर्षं नुसतंच कबूल करत होतो. दिवाळीपासून एक दिवस मी पाठ टेकली नव्हती. ते चाळीस नग मागे ठेवून मला जायचं नव्हतं. सुट्टी मला डोक्यावर काही नसलेली हवी होती.

"आजचीच," मी म्हणालो. "उद्या नाताळ, बस नाही."

"सव्वीसला?"

"दुकानदार घेणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, विश्वास आहे, पण विचारते. आणि बसवाल्याला फोन लावतील. नाही लावला. भाचीला लावला. "दादाला सांग, काम निघालं," म्हणाल्या. पलीकडून काहीतरी आलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि सुईत दोरा ओवला.

पाचला काम संपलं. शेवटची माळ खोक्यात ठेवून त्यांनी करंज्यांचे डबे उघडले. "आता कुठं नेऊ? खावा." हौसाक्कानं नको म्हटलं. मी दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही महाबळेश्वरला निघालो. मी, वैशाली आणि मुलगी. साताऱ्यात चहाला थांबलो. समोर कोरेगावची पाटी होती, अर्ध्या तासाचा रस्ता. गाडीत एक जागा रिकामी होती. नाताळची सुट्टी मी घेतली होती, आणि नाताळ जिचा, ती सांगलीत एकटी बसली होती. चहा मी अर्धाच प्यायलो. वैशालीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, थकलोय. ते मात्र खरं होतं. गोव्याच्या दुकानदारानं खोका सत्तावीसला उघडला.

जानेवारीत मणी निवडताना सिस्टर आपणहून बोलल्या. दादा स्टेशनावर गेलाच होता. भाचीनं निरोप सांगितला तरी गेला, गाडी बघून परत आला. घरी येऊन एवढंच म्हणाला, "तवा बी काम, आता बी काम." आता तो भाचीलाही आत्याचं नाव काढू देत नव्हता.

मी मणी निवडत राहिलो. तर त्याच मला म्हणाल्या, "तुमचा काय दोष, मालक? बस काय तुमच्या हातात हाय?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या दिवशीच सगळं सांगून मोकळा झालो असतो, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. तेही खरं नाही. मी सांगितलं नसतं. मी त्यांना नवा चष्मा करून देतो म्हणालो, बसायला गादीची खुर्ची आणली. त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "एवढी बडदास्त? मी मरायला टेकलेय का?" हौसाक्का हसली. मीही हसलो.

वर्ष फिरलं. दिवाळी झाली, लाल रंगाचे डबे पुन्हा उघडले. सिस्टर म्हणाल्या, "या वर्षी नाताळात मला धरून चाला. मी कुठं जाणार न्हाई. बोलावणं न्हाई."

त्या रविवारी मी वैशालीला खोटं सांगून कोरेगावला गेलो. दादांचं घर स्टेशनाजवळच. अंगणात ते सायकलीची चेन साफ करत होते. मी कोण, कुठला ते सांगितलं. मग बस, माळा, महाबळेश्वर, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चेन बसवली, पॅडल एकदा फिरवून बघितलं.

"पावणं, हे मला कशाला सांगताय?"

"तुम्ही त्यांच्यावर रागावलात. चूक माझी होती."

"मी रागावलो ते माझं मी बघीन. खोटं तुमी तिच्याशी बोलला न्हवं? मग हितं काय करताय? सोपं वाटलं व्हय हिकडं येणं?"

ते बरोबर होतं. अनोळखी माणसासमोर कबूल करणं सोपंच होतं.

"तिला सांगितलं का?"

"नाही."

"मग जावा. च्या पिऊ नंतर कवातरी."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. त्या डिसेंबरात दादा स्वतः सांगलीला येऊन बहिणीला घेऊन गेले. नाताळ झाला, तरी त्या परत आल्या नाहीत. आता त्या कोरेगावलाच असतात. हौसाक्काला त्यांचे फोन येतात, मला येत नाहीत. आमच्याकडे सगळे त्यांनी शिकवली तशीच गाठ मारतात. मीही तशीच मारतो, आणि खोका दोनदा मोजतो. या वर्षीही काम फार घेतलंय. दमायला होतं.

पण कोरेगावहून आल्यावर चार दिवस मी तोंड उघडलं नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी वैशाली मणी रंगवत होती, हौसाक्का घुंगरू लावत होती, सिस्टर दोरा कापत होत्या. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बस रोजची होती, हेही. साताऱ्यात थांबलो होतो, गाडीत जागा होती, हेही. दादांकडे जाऊन आलो, हेही. वैशालीनं ब्रश खाली ठेवला. हौसाक्का म्हणाली, "आवं भाऊ, काय केलंसा ओ हे!"

सिस्टरांनी कात्री बाजूला ठेवली. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि मग माझ्याकडे बघितलं. आवाज दवाखान्यातला होता.

"झालं ते सांगितलंत. आता म्हणायचं ते म्हणा."

मी त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो.

"सिस्टर, मला विश्रांती हवी होती म्हणून मी तुमचा नाताळ घेतला. तुमचा भाऊ स्टेशनावर येणार आहे, हे मला माहीत होतं. माहीत असून मी खोटं बोललो. मी चुकलो. मला माफ करा."