महाभियोगाचा धडा

नागरिकशास्त्राच्या तासाला कांबळेबाई फळ्यावर 'महाभियोग' असं लिहीत होत्या, तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष वर्गात आले. बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे आम्हा मुलींनाही ठाऊक होतं.

"राष्ट्रपतींना काढायचं कसं, हे मुलींना कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "पुसा ते. खुर्चीचा मान राखायला शिकवा."

बाईंनी डस्टर उचललं, क्षणभर हातात धरलं आणि परत ठेवलं.

"मानच शिकवतेय, साहेब. राष्ट्रपतींना काढायला एकच कारण चालतं, घटनेचा भंग. कुणाला राग आला म्हणून त्यांना हलवता येत नाही. पण त्यांनी घटना मोडली, तर ती खुर्चीही त्यांना वाचवत नाही."

आणि तो शब्द त्यांनी पुन्हा ठळक गिरवला. सगळ्यात उंच खुर्चीच्याही वर काहीतरी असतं आणि ते कुणी माणूस नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

महिन्याभरात बाईंना काढलं. कारण कुणी सांगितलं नाही. नव्या सरांनी तो धडा गाळला, वार्षिक परीक्षेत त्यावर प्रश्नही आला नाही. तरी मी शेवटच्या पानावर त्याचं पूर्ण उत्तर लिहिलं आणि खाली लिहिलं, 'याचे गुण नकोत.'