सेलमावशींचा आकडा

सेलमावशी रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. श्रवणयंत्रांच्या दुकानात एकोणीस वर्षं काढलेल्या बाईला ओरडण्याचं काय कौतुक! त्या दिवशी त्या इतक्या हळू बोलल्या की धाकट्या मालकांना पुढे वाकावं लागलं.

"मी सही करणार नाही."

"नुसता अहवाल आहे हो, मावशी. ग्राहकसेवाप्रमुख म्हणून तुमची सही लागते."

"प्रमुख कधी झाले मी?"

"आजच. पाटी करायला टाकलीय."

अहवालात ठळक लिहिलं होतं : ग्राहक साठ, समाधानी सत्तावन्न. दुपारी एका कारखान्याच्या अधिकारीबाई यायच्या होत्या. यंत्रांच्या खडखडाटात ज्यांचे कान गेले, अशा दोनशे निवृत्त कामगारांना कारखाना श्रवणयंत्रं देणार होता. ते काम कोणाला द्यायचं, हे याच आकड्यावर ठरणार होतं.

धाकट्यांनी आकडा बनवलेला नव्हता, हे सांगायलाच हवं. पोरगा मनाचा साफ. यंत्र कानात बसलं की हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचा फॉर्म तो स्वतः पुढे करायचा. पण खोली बंद, भिंतींना जाड गालिचा, रस्त्यावरचा एक हॉर्न आत येत नाही. शेजारी सून बसलेली. बिचारीने रजा काढून आणलेलं. अशा वेळी कोणता म्हातारा रडव्या चेहऱ्यावर खूण करील?

पुढे घरी काय व्हायचं, ते मावशींची वही सांगायची. यंत्रासोबत मिळालेले बॅटरीचे सेल तीन आठवड्यांत संपतात. नवे घ्यायला मावशींच्याच खिडकीशी यावं लागतं. तो डाळीएवढा सेल आसपास कुठे मिळत नाही. जो सेलसाठी आला नाही, त्याचं यंत्र कपाटात पडलंय हे सांगायला ज्योतिषी कशाला? साठांपैकी सदतीस जण फिरकलेच नव्हते.

थोरल्या मालकांच्या वेळी फॉर्मच नव्हता. काय रुबाबाचा माणूस! गिऱ्हाईक पायरी उतरलं की भर रस्त्याच्या गोंगाटात त्याच्या पाठीमागून सहज विचारायचे, "चहा घेणार का?" मान वळली तर ठीक, नाही वळली तर पुन्हा खुर्चीत.

"बाबांचा काळ गेला," धाकटे म्हणाले. "आता कागद लागतो."

"मग खरा कागद द्या. तेवीस लिहा."

"दुकानाला कुलूप लागेल! मग तुम्ही कुठे बसणार?"

"घरी. नाहीतरी गुडघे कुरकुरतातच."

घरी बसणं मावशींना परवडणारं नव्हतं. दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

अधिकारीबाई आल्या, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी अहवाल चाळला. "सही राहिलीय."

धाकट्यांनी मावशींच्या हातात पेन दिलं. मावशींनी सत्तावन्नवर आडवी रेघ मारली, वर तेवीस लिहिलं आणि सेलची वही समोर सरकवली. धाकट्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे दुकानाचं काम वाईट, असं तुम्हीच सांगताय?" बाईंनी वही बघून विचारलं.

"यंत्रं उत्तम आहेत. पण बंद खोलीत बसवतो आणि वापरायची असतात गोंगाटात. घरी ताट पडलं की कानात सुरुंग फुटतो. माणूस यंत्र काढून ठेवतो आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून नुसती मान डोलावतो. तुमच्या दोनशे जणांचंही असंच होईल. दुसऱ्या दुकानात गेलात तर तिथेही सत्तावन्नच सापडतील. सेलची वही मागून बघा."

"मग करायचं काय?"

"आधी घरी जाऊन आवाज जुळवायचा. फॉर्म त्यानंतर. आणि तोही दोघांचा, एक त्याचा, एक घरच्यांचा. वेगवेगळ्या खोल्यांत बसवून."

बाईंनी चष्मा खाली घेतला. "दोन महिन्यांनी येते. तोवर काम कोणालाच देत नाही."

त्या गेल्यावर धाकटे फुगून बसले. "पाटी रद्द करतो."

"खुशाल करा. सदतीस पत्ते तेवढे काढून द्या."

यंत्र जुळवणाऱ्या कारागिराला घेऊन मावशी दारोदार फिरल्या. सरळ स्वयंपाकघरात शिरायचं आणि ताट धाडकन आदळायचं. एक निवृत्त पहारेकरी खवळला, "ओ बाई, घर तुमचं आहे का?"

"ऐकू आलं ना? आता टोचलं किती, ते सांगा."

म्हातारा खो-खो हसला. कारागिराने तो आवाज खाली आणला, मावशींनी पुन्हा ताट आदळलं.

दोन महिन्यांनी वहीत एक्कावन्न जण सेल घेणारे निघाले. नऊ जण काही केल्या बधले नाहीत.

"मावशी," धाकटे हळूच म्हणाले, "सरळ पंचावन्न म्हणूया? चांगलं दिसतं."

"एक्कावन्न. आणि खाली त्या नऊ जणांची कारणं, त्यांच्याच शब्दांत."

"एकजण तर म्हणालाय, बायकोचं बोलणं ऐकू येतं म्हणून नको!"

"तेही लिहा."

धाकट्यांनी कुरकुरत, मधूनच हसत, नऊही कारणं लिहिली. खाली मावशींनी ऐसपैस सही ठोकली. बाहेर अधिकारीबाईंची गाडी थांबली. काम मिळेल की हातचं जाईल, कोणी सांगावं? मावशींनी कागद उचलला आणि कोणाची वाट न बघता स्वतःच दार उघडायला निघाल्या.